शिमल्याच्या इमारती पायी बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमल्याहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेले दोन प्रश्न विचारतात: बर्फ मिळाला का, आणि कुफ्रीला घोड्यावर बसलात का. मी बर्फासाठी गेलो नव्हतो, घोड्यावरही बसलो नाही. इमारती बघायला गेलो होतो, असे सांगितले की समोरचा जरा गप्प होतो आणि मग हळूहळू खरे प्रश्न निघतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरे एकदाची लिहून काढली.

इमारतीच बघायच्या तर मुंबई आहे की! शिमल्याला कशाला जायचे?

मुंबईच्या इमारती सपाट जमिनीवर उभ्या आहेत. दगड मुबलक होता, जागा भराव घालून मिळवली होती, आणि बोरीबंदरासारखी इमारत समोर उभे राहून एका नजरेत बघता येते. शिमल्यात हे जमत नाही. इथे इमारतीला समोरची बाजू असतेच असे नाही. रस्त्यावरून दोन मजली दिसणारे घर खालच्या वाटेवरून पाच मजली निघते. काही ठिकाणी दारातून शिरलो की आपण थेट सर्वांत वरच्या मजल्यावर असतो आणि तळमजल्याला जायला तीन जिने उतरावे लागतात.

दुसरी गोष्ट वेगाची. १८१९ च्या सुमारास लेफ्टनंट रॉस यांची एक लाकडी झोपडी, १८२२ मध्ये चार्ल्स केनेडी यांचे पहिले पक्के घर, आणि १८६४ पासून थेट हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी! व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स यांच्या काळापासून दर उन्हाळ्यात सरकार कलकत्त्याहून कागदपत्रे, कारकून, शिपाई असा सगळा लवाजमा घेऊन इथे चढायचे. त्या सगळ्यांना कचेऱ्या हव्यात, राहायला घरे हवीत, प्रार्थनेला चर्च हवे, संध्याकाळी नाटक हवे. हे सगळे एका अरुंद डोंगरधारेवर बसवायचे, आणि हाताशी साहित्य काय, तर देवदाराचे लाकूड. म्हणून शिमला बघताना दोन शब्द डोक्यात ठेवावेत: उतार आणि आग. इथली प्रत्येक इमारत या दोघांशी काहीतरी तडजोड करून उभी आहे. ज्यांना तडजोड जमली नाही त्यांच्या जागा फक्त दाखवता येतात.

किती दिवस लागतात?

पूर्ण दोन. एका दिवसात उरकता येते, पण मग पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही.

पहिल्या खेपेला मी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘शिमला स्थलदर्शन’ असे झोकात छापले होते. प्रत्यक्षात सकाळी कुफ्री, दुपारी जाखूचा हनुमान, संध्याकाळी माल रोडवर ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ दीड तास. त्या दीड तासात मी एकटाच मान वर करून छपरे बघत होतो, आणि बसमध्ये माझ्यासाठी सगळे खोळंबले होते. सहलीबरोबरच जाणार असाल तर मनालीला निघण्याआधीचा एक दिवस स्वतःच्या हिशेबाने वाढवून घ्या.

सुरुवात कुठून करावी?

पश्चिमेकडून. बहुतेक जण रिजवरून, म्हणजे धारेवरच्या मोकळ्या पटांगणावरून, सुरुवात करतात आणि व्हाइसरीगल लॉज, म्हणजे व्हाइसरॉयचा जुना वाडा, ‘वेळ उरला तर’ म्हणून ठेवतात. वेळ कधीच उरत नाही. उलट करा. सकाळी टॅक्सीने सरळ ऑब्झर्व्हेटरी हिलवर व्हाइसरीगल लॉजला जा आणि तिथून पायी परत या. वाटेत चौरा मैदान, जुने सेसिल हॉटेल, विधानसभा, गॉर्टन कॅसल, रेल्वे बोर्डाची इमारत, बँटनी कॅसल, मग स्कँडल पॉइंट, गेटी थिएटर, टाउन हॉल, आणि शेवटी रिजवरचे ख्राइस्ट चर्च. सगळे मिळून चारेक किलोमीटर. मधे माल रोडवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये बसायचे. तिथली कॉफी बेताची आहे, पण बसायची जागा चांगली.

एक सूचना. यातल्या बऱ्याच इमारती आजही कचेऱ्या आहेत. आत माणसे काम करत असतात, त्यामुळे बाहेरूनच बघायचे. मला व्यक्तिशः हेच आवडते. संग्रहालय झालेल्या इमारतीपेक्षा ज्या इमारतीच्या व्हरांड्यात शिपाई चहाची किटली घेऊन फिरतो ती जास्त जिवंत वाटते.

व्हाइसरीगल लॉजमध्ये नेमके काय बघायचे? आत सोडतात का?

सोडतात, तिकीट काढून, गाइडबरोबर, ठरावीक दालनांपुरते. आत फोटो काढू देत नाहीत. सोमवारी बंद असते. सुट्टीच्या मोसमात गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर.

लॉज १८८४ ते १८८८ या काळात बांधला गेला, वास्तुरचनाकार हेन्री अर्विन. १८८८ च्या जुलैत व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन राहायला आले. बाहेरून करडा दगड, मनोरे, कमानींचे व्हरांडे. एखाद्या स्कॉटिश उमरावाचा गढीवजा वाडा हिमालयात आणून ठेवावा तसे. स्वातंत्र्यानंतर हे राष्ट्रपती निवास झाले, पण राधाकृष्णन यांनी ही वास्तू अभ्यासकांना दिली. १९६५ पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. जिथे नाच होत तिथे आता ग्रंथालय आहे. नाचघराचे याहून चांगले काही होऊ शकले असते असे मला वाटत नाही.

आत शिरल्यावर मान वर करा. तीन मजले उंच दालन, चहूबाजूंनी सज्जे, आणि सगळीकडे लाकूड: ब्रह्मदेशचा साग, अक्रोड, देवदार. इतके लाकूड बघितले की पहिला विचार आगीचाच यायला हवा, आणि बांधणाऱ्यांनाही तो आला होता. गाइड दाखवेल: छतातून पाण्याचे नळ फिरवलेत आणि त्यांची तोंडे मेणाने बंद केलीत. आग लागली की उष्णतेने मेण वितळणार आणि पाणी आपोआप खाली पडणार. बटन नाही, घंटा नाही, कोणी धावत येण्याची गरज नाही. मला त्या सगळ्या भव्य दालनांतून घरी येईपर्यंत लक्षात राहिले ते हे मेण.

वीजही इथे सुरुवातीपासून होती. शिमल्यात ती तेव्हा नवलाईच होती.

इतिहासाचे म्हणाल तर १९४५ ची शिमला परिषद इथे भरली आणि फसली. १९४७ च्या मे महिन्यात माउंटबॅटन यांनी सत्तांतराचा आपला पहिला मसुदा नेहरूंना इथेच दाखवला, आणि तो वाचून नेहरू इतके संतापले की तो बदलावा लागला. गाइड एक टेबल दाखवून फाळणीची गोष्ट रंगवून सांगतो. ऐकावी, पण नजर पॅनेलच्या नक्षीवर ठेवावी.

बाहेर हिरवळीवर आलात की थोडे थांबा. ही टेकडी पाणलोटाच्या धारेवर आहे. एका उताराचे पाणी सतलजमार्गे अरबी समुद्राला, दुसऱ्या उताराचे यमुनेकडून बंगालच्या उपसागराला. छपराच्या एका पन्हळीतून पडलेले पाणी आपल्या कोकणाच्या समुद्रात आणि दुसऱ्या पन्हळीतले सुंदरबनात, असा हिशेब मी तिथे उभा राहून उगाच केला.

एकच इमारत बघायला वेळ असेल तर?

माझे उत्तर बहुतेकांना पटत नाही: रेल्वे बोर्डाची इमारत.

ती सुंदर नाही, आधीच सांगतो. रस्त्याच्या कडेला उभी, खाली दरीत मजल्यांवर मजले उतरत गेलेली, लांबून एखाद्या गिरणीसारखी दिसते. पण ती १८९६-९७ मध्ये ओतीव लोखंड आणि पोलादात उभारली गेली, आणि ते काम केले मुंबईच्या रिचर्डसन अँड क्रुडासने. होय, भायखळ्याची तीच कंपनी. लाकडी घरांच्या गावात लोखंडाची इमारत का? कारण तेच: आग. सरकारी कागद जळू नयेत म्हणून. १८९७ मधला हा विचार किती बरोबर होता त्याची परीक्षा एकशे चार वर्षांनी, २००१ मध्ये झाली. इमारतीला आग लागली, वरचा भाग होरपळला, पण सांगाडा उभा राहिला.

मी व्हरांड्याच्या एका खांबावर टिचकी मारून बघितली. हिरव्या रंगाचे पोपडे धरलेला तो खांब दगडासारखा गप्प राहिला नाही, टण्ण वाजला. तिथून जाणाऱ्या एका कारकुनाने माझ्याकडे बघितले आणि हसला. मी पहिला नसणार.

गॉर्टन कॅसल आणि रेल्वे बोर्डाच्या इमारतीत काय फरक?

दोन्ही जवळजवळ आहेत आणि दोन्ही सरकारी कचेऱ्याच, पण स्वभाव अगदी वेगळे. गॉर्टन कॅसल सर स्विंटन जेकब यांनी रेखाटली, १९०४ मध्ये पुरी झाली. जेकब म्हणजे जयपूरच्या अल्बर्ट हॉलचे कर्ते. त्यामुळे या गढीत राजस्थानी झरोके आणि जाळ्या डोकावतात. आता तिथे महालेखापालांचे कार्यालय आहे. २०१४ च्या जानेवारीत हिचेही वरचे मजले जळाले.

आगीत गेलेल्या इमारती कोणत्या?

यादी मोठी आहे. ठळक तेवढ्या सांगतो. पीटरहॉफ: लॉज बांधण्याआधी व्हाइसरॉय इथे राहत. स्वातंत्र्यानंतर पूर्व पंजाबचे उच्च न्यायालय इथे होते आणि गांधीहत्येच्या खटल्यातली अपिले १९४९ मध्ये याच वास्तूत चालली. पुढे राजभवन झाले आणि १९८१ मध्ये जळाले. आज तिथे त्याच नावाचे हॉटेल आहे, नवीन. शहराबाहेर छराबड्याला वाइल्डफ्लॉवर हॉल होता, सरसेनापती लॉर्ड किचनेर यांचे घर. तो १९९३ मध्ये गेला, आणि आज तिथेही हॉटेलच आहे.

पीटरहॉफ गेल्यावर राजभवन बार्न्स कोर्टमध्ये हलले. १९७२ चा, आपल्या शाळेच्या पुस्तकातला, सिमला करार झाला तो बार्न्स कोर्टमध्ये. (पुस्तकात सिमला, पाटीवर शिमला. ढोबळी मिरचीला मात्र सगळे अजून सिमलाच म्हणतात.)

त्या पांढऱ्या भिंती आणि त्यांवरच्या काळ्या पट्ट्या खरोखर लाकडाच्या असतात की नुसता रंग?

उत्तम प्रश्न, आणि उत्तर आहे: दोन्ही. बार्न्स कोर्टचा काही भाग, रिजजवळचे टाउन हॉल, चर्चशेजारची ग्रंथालयाची टुमदार इमारत, या सगळ्या ट्यूडर वळणाच्या. म्हणजे इंग्लंडातल्या जुन्या खेड्यातल्यासारखी लाकडी चौकट आणि मधे भरलेली भिंत. नव्या हॉटेलांवर मात्र सिमेंटवर चॉकलेटी पट्टे ओढलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे: खरी पट्टी भिंतीतून किंचित पुढे आलेली किंवा आत गेलेली असते आणि जोडावर खुंटी दिसते.

पण खरी गंमत पुढेच आहे. लाकडी चौकट आणि तिच्यात भराव, हे तंत्र साहेबाने आणायच्या आधीपासून हिमालयात होते. त्याला धज्जी-देवारी म्हणतात. धज्जी म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी. भिंत म्हणजे जणू गोधडी. लोअर बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या बाजूला मी अशी भिंत उघडी पडलेली बघितली. गिलावा सुटला होता. आत देवदाराचे उभे-आडवे वासे, त्यांना तिरके आधार, आणि प्रत्येक खणात हाताच्या मुठीएवढे दगड मातीत बसवलेले. खिळे फारसे नाहीत. वरच्या खणात दुकानदाराने वीजमीटरची फळी ठोकली होती. कोकणातली कुडाची भिंत आठवली, फक्त कारवीच्या जागी दगड.

भूकंपात अशी भिंत कुरकुरते, पण एकदम कोसळत नाही, कारण प्रत्येक खण थोडा थोडा हलून धक्का जिरवतो. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपानंतरच्या काळात या हलक्या भिंतींची किंमत लोकांना कळली. साहेबाला वाटले आपण गावाकडचे घर बांधतो आहोत. पहाडी सुतार मात्र स्वतःच्या ओळखीचेच काम करत होता.

अस्सल पहाडी बांधकाम बघायला मिळेल का?

शहरात कमी. दगडाचा एक थर, लाकडाचा एक थर अशी रचलेली काठ-कुणी भिंत बघायची तर वरच्या गावांत जावे लागते. सराहनचे भीमाकाली मंदिर हा त्याचा राजा, पण त्याला वेगळा मुक्काम हवा. शिमल्याजवळ तारादेवीचे मंदिर अलीकडे पुन्हा पहाडी पद्धतीने दगड-लाकडात बांधले आहे. नवे असले तरी सुतारकाम बघण्यासारखे आहे.

गेटी थिएटर आतून बघता येते का?

प्रयोग किंवा तालीम नसेल तेव्हा तिकीट काढून बघता येते. जमले तर प्रयोगालाच जा, नाटकवेड्या मराठी माणसाला हे सांगायला नको.

३० मे १८८७ ला ते सुरू झाले, रचना पुन्हा हेन्री अर्विन यांचीच. मूळ इमारत आजच्यापेक्षा बरीच उंच होती. नाट्यगृहाच्या वर नाचघर आणि बरेच काही रचले होते. उतारावर इतके वजन पेलेना, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरचे मजले उतरवावे लागले. उताराने दिलेला हा धडा; आगीची गरजही लागली नाही. पुढे बरीच वर्षे डागडुजी चालून २००९ मध्ये थिएटर पुन्हा खुले झाले.

आत गेल्यावर ते किती लहान आहे याचेच आश्चर्य वाटते. नालाकृती सभागृह, सज्जे, सोनेरी नक्षी, आणि मंचावरचा माणूस हाताच्या अंतरावर. मंचावर उभे राहून हळू आवाजात बोलून बघा. मागच्या सज्जातल्या मित्राला ऐकू येते. पुण्या-मुंबईतल्या नाट्यगृहांत माइकशिवाय न बोलणाऱ्या नटांना इथे आणून सोडले पाहिजे.

ख्राइस्ट चर्चमध्ये इतर धर्मीयांना जाता येते का?

हो, प्रार्थनेची वेळ सोडून, शांतपणे. रचना कर्नल बोइलो यांची, कोनशिला १८४४ मध्ये बसली, १८५७ मध्ये चर्चचे विधिवत अर्पण झाले. फिकट पिवळा रंग आणि मनोरा, शिमल्याच्या प्रत्येक फोटोत असतो तोच. घड्याळ आणि पुढचा पोर्च नंतरचे.

रंगीत काचा बघायच्या तर सकाळी. वेदीमागच्या खिडकीभोवतीचे चित्रकाम लॉकवुड किपलिंग यांनी रेखले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे आणि क्रॉफर्ड मार्केटची शिल्पे करणारे तेच किपलिंग. मंडईत भाजी घेताना वर न बघणाऱ्यांनी निदान इथे बघावे.

आणि बाहेर रिजवर उभे असताना लक्षात असू द्या की पायाखाली ब्रिटिश काळातली पाण्याची भलीमोठी टाकी आहे, चुन्यात बांधलेली. वर आइस्क्रीम, खाली शहराचे पाणी.

स्कँडल पॉइंटची गोष्ट खरी आहे का?

पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी १८९२ मध्ये व्हाइसरॉयची मुलगी इथून पळवली म्हणतात. महाराजांचा जन्म १८९१ चा. तुम्हीच ठरवा. तिथे लाला लजपतराय यांचा पुतळा आहे, त्याच्याकडे बघा.

कालका-शिमला गाडीने जावे का? की नुसतीच हौस?

एका बाजूने तरी नक्की जा. ९ नोव्हेंबर १९०३ ला सुरू झालेला हा मार्ग साधारण ९६ किलोमीटरचा आहे, आज १०२ बोगदे आहेत, आणि २००८ मध्ये तो युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. सर्वांत लांब बडोगचा बोगदा, ११४३ मीटर. इमारती बघणाऱ्याने मात्र पूल बघावेत. इथे लोखंडी पूल अगदी थोडे. बहुतेक ठिकाणी दगडी कमानींवर कमानी चढवत दरी ओलांडली आहे. कनोहजवळचा पूल चार मजली आहे. गाडी वळणावर वाकते तेव्हा खिडकीतून आपलाच पुढचा डबा आणि त्याखालचा पूल एकदम दिसतो. कालक्याहून निघालात तर पाच-सहा तास धरा.

आई-वडील सत्तरीचे आहेत, झेपेल का?

मालवर खासगी गाड्यांना बंदी आहे, ही एकाच वेळी चांगली आणि वाईट बातमी. कार्ट रोडवरून माल रोडला लिफ्ट आहे, दोन टप्प्यांत वर नेते, माफक तिकीट. बंद रस्त्यांवर परिवहन मंडळाच्या छोट्या टॅक्सी ज्येष्ठांसाठी फिरतात. व्हाइसरीगल लॉजला दारापर्यंत वाहन जाते. लोअर बाजार मात्र पायऱ्यांचाच. त्यांना कॉफी हाउसमध्ये बसवून तुम्ही जाऊन या.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑक्टोबर-नोव्हेंबर. हवा स्वच्छ, उन्हाची तिरीप दगडावर चांगली पडते, गर्दी बेताची. मे महिन्यात अख्खा महाराष्ट्र तिथे असतो; मालवर ‘अगं, इकडे बघ’ ऐकू आले की मागे वळायची सवय सोडावी लागते. हिवाळ्यात बर्फाने छपरांची रेष सुरेख उठून दिसते, पण पायऱ्या निसरड्या.

पावसाळा टाळा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये समर हिलला दरड कोसळून मंदिर आणि माणसे गेली, आणि कालका-शिमला मार्गाचे रूळ खालचा भराव वाहून गेल्याने हवेत लोंबत राहिले. ज्या डोंगरावर हे सगळे बांधले तो डोंगर अजून पुरता थांबलेला नाही.

सोबत काय घ्यावे?

चांगली पकड असलेले बूट, पातळ स्वेटर, आणि एक छोटी दुर्बीण. पक्ष्यांसाठी घेतलेली चालते. शिमल्याची निम्मी कारागिरी छपरापाशी आहे: पन्हळी पत्र्याच्या काठाला कातरलेली लाकडी झालर, माळ्यावरच्या खिडकीची टोपी, धुराड्यांच्या रांगा. खालून ती दिसत नाही. वरच्या वाटेवर जा, कठड्याला टेका, आणि खालच्या घरांची छपरे बघा. माकडे दुर्बीण ओढतात, तेवढा पट्टा गळ्यात असू द्या.